मग हे कोन उचलायचं?



कलेवर बोलायचा तुला काय अधिकार, असं मला दोनदा तोंडावर विचारलं गेलंय. म्हणून कलेवरच लिहितोय. मात्र सुरुवात कचऱ्यापासून करतो. कचऱ्यातलं मला थोडंफार कळतं.

माझी माय कचरा वेचायची. ओला पुठ्ठा नेला तर भंगारवाला वजनात किती कापतो, पांढरा कागद अन् छापील रद्दी वेगवेगळी का बांधायची, दुधाची पिशवी विकली जाते पण वेफर्सचं चकचकीत पाकीट कुणी फुकटातही का घेत नाही, हे शिक्षण मला बालवाडीच्या आधी मिळालं. लोक काय खातात, किती फेकतात, हे प्राध्यापकाला पुस्तकातून कळतं. मायला गोणीच्या वजनावरून कळायचं. एकदा म्हणाली, "पयले लोक मोडल्यावर फेकायचे. आता मोडायच्या आदीच फेकत्यात." चंगळवाद हा शब्द तिने कधी ऐकला नव्हता. तो तिच्या पाठीवर होता.

माय मूळची मराठवाड्याची. १९७२ च्या दुष्काळात आजा-आजी तिला कडेवर घेऊन पुण्याला आले. मोठी झाली ती खडी फोडत, मग गोणी घेतली. पोलीस चोर म्हणायचे, कुत्री अंगावर यायची, वॉचमन काठी आपटायचा. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. माय सभासद झाली. गळ्यात ओळखपत्र आलं. रात्री ते ती बाबासाहेबांच्या फोटोशेजारच्या खिळ्याला अडकवायची. सकाळी पहिला हात त्याच खिळ्याकडे.

आता मूळ गोष्टीवर येतो. ती सांगताना मला अजून शरम वाटते, पण सांगतो.

२०१४ साली मी बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होतो. एका कलादालनात प्रदर्शन भरणार होतं. विषय होता चंगळवाद आणि पृथ्वी. एका नावाजलेल्या कलावंताला बाटल्यांच्या बुचांची भिंतभर नदी करायची होती. साठ किलो बुचं पाहिजेत, धुतलेली, रंगवार निवडलेली. कुणीतरी माझं नाव सांगितलं. मी गेलो. मला खुर्ची दिली, कॉफी दिली, "तुमच्या समाजाशी आम्हाला नातं जोडायचंय" असं म्हणाले. मी हुरळलो. कॉफीच्या एका कपात मी विकला गेलो.

वस्तीतल्या पाच जणींनी पंधरा दिवस बुचं गोळा केली. त्यात माय. दिवसभर फिरून रात्री घमेल्यात बुचं धुवायच्या. आमच्या नळाला पाणी सकाळी दीड तास. घरातलं प्यायचं पाणी वाचवून बुचं धुतली. बुचातली साखर बोटांना चिकटायची, मुंग्या लागायच्या. भाव ठरला किलोला २२ रुपये. आमचा भंगारवाला द्यायचा तोच. धुण्याची, निवडण्याची मजुरी कुणी काढली नाही. मीही काढली नाही. साठ किलोचे १३२० रुपये पाच जणींत वाटले. एकीला २६४. मला 'समन्वयक' म्हणून ३००० मिळाले. हा हिशेब मी आज पहिल्यांदा कागदावर मांडतोय.

उद्घाटनाला पाचही जणी धुतलेली लुगडी नेसून आल्या. दारावर वॉचमनने अडवलं. मी धावत जाऊन आत आणलं. नदी खरंच सुंदर झाली होती, खोटं कशाला बोलू. निळी, हिरवी, पांढरी बुचं वरच्या दिव्यात पाण्यासारखी हलत होती. खाली पाटीवर कलावंताचं नाव आणि टेबलावरच्या यादीत किंमत. चार लाख रुपये. बायकांची नावं कुठेच नव्हती. एका कोपऱ्यात 'सहकार्य' म्हणून माझं होतं.

कलावंत आला. वाईट माणूस नव्हता. आलेल्या पाहुण्यांशी हात मिळवत मिळवत आमच्यापर्यंत पोचला आणि तिथे त्याचे दोन्ही हात आपोआप जुळले. लांबून नमस्कार केला. "तुम्ही खऱ्या पर्यावरणरक्षक," म्हणाला. फोटो निघाला. माय भिंतीकडे बघत म्हणाली, "चांगलं झालंय. पर हे पाडनार कवा? पाडल्यावर सांगा, बुचं घिऊन जाऊ." लोक हसले. तिने विनोद केला नव्हता. तिच्या लेखी ते साठ किलो होतं.

मग खाणंपिणं झालं. पृथ्वी वाचवायच्या प्रदर्शनात थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे पेले, पाण्याच्या बाटल्या. मागच्या खोलीत लाकडी खोक्यांचा आणि फुगेवाल्या प्लास्टिकचा ढीग. पाहुणे पांगले. माय उठली, पदर खोचला, पेल्यात पेला घालू लागली. बाकीच्याही उठल्या. माझ्या वर्गातली पोरं-पोरी दारात उभी होती. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "माय, आज नको. लोक बघतायत."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. सरळ विचारल्यासारखं विचारलं, "मग हे कोन उचलायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी उचललंही नाही. बाहेर जाऊन उभा राहिलो.

पुढे दोन वर्षांनी एका अभ्यासवर्गात एका मित्राने मला एक फोटो दाखवला. न्यूयॉर्क शहर. कचऱ्याच्या गाडीपाशी एक बाई एका सफाई कामगाराचा हात हातात घेऊन उभी आहे. मित्र म्हणाला, ही कला आहे. मी म्हटलं, ह्यात कला कुठंय? मग वाचत गेलो.

बाईचं नाव मिर्ल लॅडरमन युकेलिस. शिल्पकार. मूल झालं तशी धुणंपुसणं, भरवणं, झोपवणं ह्यात दिवस जाऊ लागले, आणि कलेच्या जगाने ह्या कामाला काम मानायचं नाकारलं. बाई चिडली. १९६९ साली तिने एक जाहीरनामा लिहिला. कामाचे दोन भाग पाडले. एक, नवं घडवण्याचं काम. त्याला मान, पैसा, नाव. दुसरं, घडलेलं टिकवून ठेवण्याचं. झाडणं, धुणं, शिवणं, उचलणं. ते रोज करावं लागतं, रोज पुसलं जातं, आणि त्याची किंमत शून्य. तिने ठरवलं, आजपासून माझं हे दुसरं कामच माझी कला. १९७३ साली हार्टफर्ड गावच्या एका संग्रहालयाच्या पायऱ्या तिने गुडघ्यांवर बसून तासन् तास धुतल्या, लोकांच्या देखत. त्या जाहीरनाम्यात ती क्रांतिकारकांना एक सवाल टाकते. तुमची क्रांती झाल्यावर सोमवारी सकाळी कचरा कोण उचलणार आहे?

हे वाचून मी पुस्तक मिटलं. माझ्या मायने हाच सवाल केला होता. हिने कागदावर केला, मायने हातात उष्टे पेले धरून केला.

१९७७ पासून ही बाई न्यूयॉर्कच्या सफाई खात्यात कलावंत म्हणून राहिली, बिनपगारी. १९७९-८० मध्ये तिने तिथल्या एकूणएक ८५०० सफाई कामगारांना गाठलं. पहाटेच्या हजेरीला, रात्रपाळीला, कचऱ्याच्या डेपोवर. प्रत्येकाशी हात मिळवला आणि हे शहर जिवंत ठेवल्याबद्दल आभार मानले. ह्या कामाचं नावच तिने 'स्पर्श' ह्या शब्दावरून ठेवलं. जवळजवळ वर्ष लागलं. १९८३ मध्ये कचऱ्याच्या एका मोठ्या गाडीला तिने आरसे बसवले. गाडी रस्त्यातून निघाली की ज्याचा कचरा त्याचंच तोंड तिच्यात दिसायचं.

त्या फेरीत एका कामगाराने तिला जुनी गोष्ट सांगितली. सतरा वर्षांपूर्वीची. कडक उन्हाळा, दिवसभर कचरा भरून दमलेले कामगार एका घराच्या पायऱ्यांवर टेकले. घरमालकिणीने दार उघडलं आणि घाण वास मारणारे म्हणून हाकलून दिलं. ते शब्द त्याच्या घशात सतरा वर्षं अडकून बसले होते. तो म्हणाला, आज तुम्ही ते पुसलंत. पुढे १९८४ मध्ये तिने कलादालनात तसल्याच पायऱ्या उभारल्या, काचांवर कामगारांना दिल्या जाणाऱ्या शिव्या लिहिल्या, आणि लोकांना बोलावून त्या पुसून घेतल्या.

दोस्तांनो, त्या पायऱ्या आपल्याला काय नव्या आहेत? आपल्या आज्याला ओट्यावरून उठवलं. फरक एवढाच, तिथे घामाचा वास आला म्हणून हाकललं, इथे अंघोळ करून गेलो तरी हाकललं. त्यांची घाण हाताला लागलेली. आपली जन्माला चिकटवलेली. म्हणून तिथे हात मिळवणं हे आभार होते. इथे हात मिळवणं हे बंड असतं. आणि म्हणूनच त्या दिवशी त्या कलावंताचे हात नमस्कारात जुळले. त्याला कळलंही नसेल. स्पर्श चुकवायची आपल्या देशात एवढी सुबक रीत आहे की ती संस्कार म्हणून खपते.

पण मी भारावूनही जात नाही. हात मिळवल्याने पोट भरत नाही. न्यूयॉर्कच्या कामगारांची युनियन होती. १९६८ च्या फेब्रुवारीत त्यांनी नऊ दिवस संप केला तेव्हा शहर कचऱ्यात बुडालं आणि शहराला त्यांची किंमत कळली. त्याच महिन्यात मेम्फिस शहरात दोन काळे सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले आणि तेराशे काळे कामगार संपावर गेले. त्यांच्या गळ्यात पाट्या होत्या. पाटीवर एकच वाक्य. मी माणूस आहे. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्या पाठीशी मेम्फिसला गेले आणि ४ एप्रिल १९६८ ला तिथेच गोळी घालून मारले गेले. ती पाटी कुठल्याही कलाशाळेत शिकवलेली नव्हती. आधी ती पाटी, मग हात मिळवणं. हा क्रम कलावंतांनी ध्यानात ठेवावा.

आता आणखी एक. ह्या प्रदर्शनवाल्यांचा उपदेश असतो, कमी वापरा, जुनं वापरा, टाकाऊतून टिकाऊ करा. ऐकायला बरं वाटतं. पण हा उपदेश कोण कुणाला करतंय ते बघा. टाकाऊवर जगायचा कायदा आपल्यासाठी मनुस्मृतीने केव्हाच केला होता. गावाबाहेर राहा, मेलेल्याचे कपडे घाला, फुटक्या भांड्यात खा. आपण हजारो वर्षं दुसऱ्याच्या टाकाऊतून टिकाऊ करत आलो, त्याला कुणी पर्यावरण म्हटलं नाही, विटाळ म्हटलं. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, उष्टं-शिळं मागून खाणं सोडा. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तो ग्रंथ जाळला. तेव्हा नवं लुगडं, नवं भांडं, पोराला नवी वही हा आपल्याकडे चंगळवाद नाही. तो महाडचा पुढचा धडा आहे. माझ्या मायने पहिला कोरा टीव्ही आणला तेव्हा खोकं आठ दिवस दारात ठेवलं होतं. लोकांना दिसावं, जुना नाही, कोरा आहे.

मग आपण काय म्हणायचं? आमची पाळी आता आली, आम्हीही फेकणार? इथे मी अडलो होतो. उत्तर मला विनयपिटकातल्या एका गोष्टीत सापडलं. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरं दिली. राजाला संशय आला, एवढ्यांचं करणार काय? त्याने विचारलं. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं जीर्ण झालीत त्यांना देऊ. मग जीर्ण चीवरांचं? त्यांच्या चादरी करू. जुन्या चादरींचं? अंथरुणाच्या खोळी. त्या फाटल्या की जमिनीवर अंथरायला. मग पायपुसणं. मग फडकं. अन् फडक्याचंही काही उरलं नाही की ते कुटून चिखलात कालवू आणि जमीन सारवू. राजा समाधान पावला, आणखी चीवरं दिली.

भिक्खू स्मशानातल्या चिंध्यांचंही चीवर करायचे. पांसुकूल म्हणतात त्याला. कापड तेच, मेलेल्याचं. मनूने ते आपल्या अंगावर सक्तीने घातलं, तेव्हा तो कलंक झाला. भिक्खूने ते स्वतः उचललं आणि संघात सगळ्यांच्या अंगावर सारखंच आलं, तेव्हा राजा त्यापुढे वाकला. सुनीत भंगी होता, रस्ता झाडायचा. बुद्धाने त्याला संघात घेतलं, बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात त्याची गोष्ट मुद्दाम सांगितली. माझ्या मते टिकाऊ अर्थव्यवस्थेची कसोटी इथेच आहे. जुनं वापरतात की नाही हे दुय्यम. वाटा सारखा आहे काय? आणि नको म्हणायची मोकळीक आहे काय? ही दोन उत्तरं नसतील तर तुमचं टाकाऊतून टिकाऊ म्हणजे वरच्याचं उष्टं अन् खालच्याचं ताट.

हे स्वप्नरंजन नाही. पुण्यात २००८ पासून कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, 'स्वच्छ'. महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. मालक आपल्याच बाया-माणसं, तीन हजारांवर. घरटी महिन्याचे पैसे ठरलेले, वर भंगार विकून येईल ते ज्याचं त्याचं. माय तिथेही होती. एका सोसायटीने पैसे थकवले तेव्हा ती म्हणाली, "घानीचे पैसे नगंत मला. कामाचे द्या." सगळं आलबेल नाही. करार संपत आला की यंत्रवाले ठेकेदार डोकावतात. गुडघे झिजतात, माझ्या मायचे झिजले, आता घरीच असते. पण कचऱ्याचा मालक कोण, हा प्रश्न ह्या बायांनी शहराला विचारला.

ह्या बायांची कला सांगतो. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडेच टाकलेले असायचे, निवडताना हाताला लागायचे. बनवणाऱ्या कंपन्या नफा नेत, गुंडाळायला साधी पिशवी देत नसत. २०१३ साली बायांनी तो कचरा पिशव्यांत भरला आणि कंपन्यांना परत धाडला. तुमचा माल, तुम्ही बघा. ना कलादालन, ना दिवे, ना यादीत किंमत. मला विचाल तर न्यूयॉर्कच्या त्या आरशांच्या गाडीशेजारी हे पार्सल ठेवलं पाहिजे. दोन्हींत ज्याचा कचरा त्याला त्याचं तोंड दिसतं.

शेवटचं आपल्याबद्दल. कलावंतांना शिव्या देऊन मी सुटणार नाही, तुम्हीही नाही.

आपल्या वस्तीत १४ एप्रिलला काय होतं? चौकाचौकात फ्लेक्स. त्यावर बाबासाहेब एका कोपऱ्यात अन् आपले फोटो त्यांच्याहून मोठे. पाण्याचे पाऊच, सरबताचे पेले, नाश्त्याच्या ताटल्या. रात्री बारापर्यंत मिरवणूक. आणि १५ तारखेच्या पहाटे पाचला झाडू घेऊन कोण येतं? आपलीच माय. आपलीच मावशी. जयंतीच्या दिवशी तिला स्टेजवर बोलावलं नाही, कारण ती आदल्या दिवशी दुसऱ्या वॉर्डात झाडत होती. आपल्या क्रांतीनंतरच्या सोमवारी कचरा कोण उचलतंय ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. आपण बघत नाही एवढंच. मीही त्या दिवशी बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

गेल्या जयंतीच्या आधी मी मंडळाच्या बैठकीत तीन मागण्या ठेवल्या. पेले स्टीलचे. फ्लेक्स एकच, तोही बाबासाहेबांचा. अन् दुसऱ्या दिवशी जो कचरा राहील तो मंडळाच्या पोरांनी उचलायचा, बायकांनी नाही. भांडण झालं. एक जण म्हणाला, "शिकून सवरून आता झाडू मारायचा का आम्ही? बाबासाहेबांनी ह्यासाठी शिकवलं?" प्रश्न खोटा नाही. पण मी म्हटलं, बाबासाहेबांनी आपल्याला झाडू सोडायला सांगितला, तो आईच्या हातात ठेवून सोडायला सांगितला नाही.

स्टीलच्या पेल्यांना होकार मिळाला. फ्लेक्स सातावरून चारावर आले. तिसऱ्या मागणीवर मतदान झालं, अन् मी हरलो.

तरी १५ तारखेला पहाटे पाचला गेलो. मंडळाची तिघं आली होती. वीस जणांपैकी तिघं. चौकात झाडणाऱ्या मावशीने आम्हाला बघून विचारलं, "काय रं, काय हरवलं?" आम्ही पोती पसरली. ताटल्या एका पोत्यात, पाऊच दुसऱ्यात. मी दोन्ही एकत्र कोंबत होतो. तिने माझा हात धरून बाहेर काढला आणि म्हणाली, "असं न्हाई. इकडं बघ, दावते."

पुढच्या जयंतीला ही मागणी मी पुन्हा ठेवणार आहे. तुमच्या वस्तीत तुम्ही ठेवा. मतदान काय झालं ते कळवा.